रंगमंचावरील अंधार आणि मुलाचा चेहरा

स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या आवारात एक दृश्य दरवर्षी दिसते. मंडपाचे बांबू उतरवले जात असतात, खुर्च्या मोजून टेम्पोत भरल्या जात असतात आणि रात्री मुक्कामाला राहिलेले पालक वऱ्हांड्यात घोळक्याने बसून मोबाइलवरील छायाचित्रे एकमेकांना दाखवत असतात. त्या घोळक्यांतून थोडे हिंडले की एकच तक्रार वेगवेगळ्या आवाजांत ऐकू येते : "कार्यक्रम फार चांगला झाला, पण फोटो काही नीट आला नाही." मागचा फलक स्वच्छ वाचता येतो, पुढच्या रांगेतील प्रेक्षकांची डोकीही स्पष्ट दिसतात, मूल मात्र एक पांढरा ठिपका झालेले असते, नाहीतर हललेली सावली.

हा दोष स्वस्त मोबाइलचा आहे अशी बहुतेकांची समजूत असते. ती पूर्णपणे खरी नाही. कमी प्रकाशात, दूर अंतरावरून, हलणाऱ्या मुलाचे छायाचित्र घेणे हे छायाचित्रणातील कठीण कामांपैकी एक आहे आणि महागडा कॅमेरा हाती असूनही ते फसते. तथापि ते का फसते हे एकदा समजले, तर साध्या साधनानेही पुष्कळ काही साधता येते. हे समजावून सांगणे हाच या लेखाचा हेतू होय.

या विषयावर लिहावेसे वाटले त्यामागे एक प्रसंग आहे. काही वर्षांपूर्वी, माजी विद्यार्थी म्हणून स्नेहसंमेलनास आलो असताना, सरांनी माझ्या हाती कॅमेरा दिला आणि "आजचे फोटो तू काढ" असे सांगितले. त्या रात्री सातवीतील एका मुलीने सावित्रीबाई फुले यांच्या जीवनावरील एकपात्री प्रयोग केला. सारा मंडप स्तब्ध झाला होता. तिचे आईवडील त्या वेळी पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडणीच्या फडावर होते. तोडणीचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. स्नेहसंमेलने नेमकी त्याच महिन्यांत येतात. म्हणून मी तिचे एक छायाचित्र कागदावर छापून तिच्याकडे दिले. उन्हाळी सुटीत तिला न्यायला वडील आले. त्यांनी खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेले तेच छायाचित्र काढले आणि अगदी सौम्यपणे विचारले, "दादा, ही आमचीच पोर ना? तिची आई म्हणते, चेहरा दिसत नाही, पण उभं राहणं तिचंच आहे."

काळ्या पडद्यासमोर, प्रखर दिव्याखाली, तिचा चेहरा कोऱ्या कागदासारखा पांढरा उमटला होता. कॅमेऱ्याने आपले काम चोख केले होते. त्याला काय सांगायचे हे मला ठाऊक नव्हते.

डोळ्याला दिसते ते कॅमेऱ्याला का दिसत नाही?

दुपारच्या उन्हात जमिनीवर पडणारा प्रकाश सुमारे १,००,००० लक्स इतका असतो. लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक आहे. शाळेच्या मंचावर, चांगली प्रकाशयोजना असली तरी, हा आकडा बहुधा काहीशे लक्सच्या घरात राहतो. म्हणजे उन्हाच्या तुलनेत तेथे शेकडो पटींनी कमी प्रकाश असतो. आपल्याला मात्र तसे जाणवत नाही. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते, पडद्यावरील पेशी अधिक संवेदनशील होतात आणि मेंदू उजेड व अंधार यांतील तफावत सतत सांभाळून घेतो. आपण चेहऱ्याकडे पाहतो तेव्हा डोळा चेहऱ्यापुरता जुळवून घेतो. पडद्याकडे पाहतो तेव्हा पडद्यापुरता. कॅमेऱ्याला मात्र संपूर्ण चौकट एकाच मोजमापात, एकाच क्षणी टिपावी लागते.

कॅमेऱ्यात येणाऱ्या प्रकाशाचे नियमन तीन गोष्टी करतात. घरात पाणी भरण्याचे उदाहरण घेतले तर ते सोपे होईल. नळाचे तोंड किती रुंद आहे, नळ किती वेळ उघडा ठेवला आहे आणि मिळालेले पाणी आपण किती पुरवून वापरतो, यावर भागते की नाही हे ठरते.

नळाचे तोंड म्हणजे भिंगाचे छिद्र, अर्थात अ‍ॅपर्चर. ते 'एफ' या आकड्याने दर्शवतात आणि येथे आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे, हे लक्षात ठेवावे. कॅमेऱ्यासोबत मिळणारे साधे झूम भिंग दूरचे दृश्य जवळ ओढले की बहुधा एफ/५.६ पर्यंत मिटते. ५० मिलिमीटरचे, झूम नसलेले एफ/१.८ चे भिंग त्या मानाने स्वस्त असते आणि ते नऊपटींहून अधिक प्रकाश आत घेते. कॅमेऱ्यावर खर्च करण्यापूर्वी भिंगावर करावा असे जाणकार सांगतात, त्याचे कारण हेच.

नळ उघडा ठेवण्याचा वेळ म्हणजे शटरचा वेग. आणि मिळालेला प्रकाश पुरवून वापरणे म्हणजे आयएसओ. आयएसओ वाढवला की कॅमेरा मिळालेल्या क्षीण संकेताला मोठे करतो. त्यासोबत चित्रातील कणीदारपणाही वाढतो. या कणीदारपणाला पुष्कळ लोक विनाकारण घाबरतात. ३२०० किंवा ६४०० आयएसओवर घेतलेले किंचित रवाळ, परंतु स्पष्ट छायाचित्र उपयोगी असते; ४०० आयएसओवरील गुळगुळीत पण हललेले छायाचित्र कोणाच्याही उपयोगाचे नसते. रवाळपणा नंतर कमी करता येतो. हललेला चेहरा कोणत्याही उपायाने पुन्हा जागेवर आणता येत नाही.

हलणे दोन प्रकारचे असते

छायाचित्र हलते त्याची कारणे दोन आहेत आणि ती वेगळी ओळखली पाहिजेत. पहिले कारण आपला हात. त्यावर तिपाईचा उपाय आहे. तिपाई नसेल तर कोपरे छातीशी टेकवणे, खांबाला पाठ लावणे किंवा पुढील खुर्चीच्या पाठीवर हात टेकणे हेही पुरते. अनेक कॅमेऱ्यांत व मोबाइलमध्ये कंप शोषून घेणारी सोय असते, तीही याच कारणावर काम करते.

दुसरे कारण मुलाची हालचाल. तिच्यावर तिपाई किंवा कंपशोषक सोय यांपैकी कशाचाही उपयोग नाही. साधा हिशेब करून पाहा. नृत्य करणाऱ्या मुलाचा हात सेकंदाला दोन मीटर या गतीने फिरत आहे असे धरले, तर १/५० सेकंदात तो चार सेंटिमीटर पुढे सरकतो. म्हणजे चित्रात हाताच्या जागी धुरकट पट्टा उमटणार. १/२५० सेकंदात तोच हात आठ मिलिमीटर सरकतो आणि १/५०० सेकंदात केवळ चार. यावरून पुढील ढोबळ प्रमाणे ध्यानात ठेवता येतील : भाषण, एकपात्री प्रयोग किंवा समूहगीत यांसाठी १/१२५ सेकंद, नृत्यासाठी १/२५०, लेझीम, मल्लखांब किंवा उड्या असलेल्या प्रकारांसाठी १/५००. भिंगाचे छिद्र शक्य तितके उघडे ठेवावे, शटरचा वेग कार्यक्रमानुसार ठरवावा आणि उरलेली उणीव आयएसओने भरून काढावी. एफ/२.८, १/२५० सेकंद आणि ३२०० आयएसओ हा शाळेच्या मंचावर आरंभासाठी योग्य मेळ आहे. पहिली दोन-तीन छायाचित्रे पाहून त्यात फेरफार करावा.

काळा पडदा आणि पांढरे कपडे

आता त्या मुलीच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याकडे वळू. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक कोणत्याही दृश्याकडे पाहताना एक गृहीतक धरून चालतो : समोरचे सगळे काही मिळून सरासरीने मध्यम करड्या रंगाचे असणार. छायाचित्रकार प्रमाण म्हणून जे करडे कार्ड वापरतात ते १८ टक्के प्रकाश परावर्तित करते, त्यावरून या करड्याची कल्पना येईल. चौकटीचा बहुतांश भाग काळ्या पडद्याने व्यापला असेल, तर कॅमेरा समजतो की दृश्य फार काळोखे आहे. तो पडद्याला करडा करण्याच्या खटाटोपात सगळेच उजळवतो. पडदा राखी होतो आणि दिव्याखाली उभ्या असलेल्या मुलाचा चेहरा जळून पांढरा होतो.

एकदा पांढरा होऊन गेलेल्या भागात माहितीच उरत नाही. नंतर तो कितीही काळवंडवला तरी नाक-डोळे परत येत नाहीत. उलट, थोड्या अंधाऱ्या राहिलेल्या भागातून पुष्कळ काही वर काढता येते. म्हणून रंगमंचाचा पहिला नियम असा की, शंका असेल तेथे चित्र किंचित अंधारे ठेवावे. बहुतेक कॅमेऱ्यांवर अधिक-उणे खुणा असलेली प्रकाशभरपाईची कळ असते. काळा पडदा असेल तेव्हा ती उणे एकवर आणावी. कॅमेऱ्यात बिंदुमापनाची सोय असेल तर ती निवडून मोजमाप केवळ चेहऱ्यावरून घ्यावे.

आपल्याकडील कार्यक्रमाचा आरंभ वंदनेने होतो. पांढऱ्या शुभ्र पोशाखातील मुले ओळीने बसलेली असतात आणि त्यांच्यावर समोरून झोत पडलेला असतो. छायाचित्रकाराची खरी परीक्षा येथे असते. पांढरे वस्त्र चेहऱ्यापेक्षा कितीतरी अधिक प्रकाश परत फेकते. वस्त्राच्या घड्या टिकवाव्यात तर चेहरे काळवंडतात आणि चेहरे उजळवावेत तर वस्त्रे जळतात. अशा वेळी निवड चेहऱ्याच्या बाजूने करावी, परंतु वस्त्राची वीणही सर्वस्वी जाऊ देऊ नये. आणि कॅमेऱ्यात 'रॉ' स्वरूपात चित्र साठवण्याची सोय असेल तर ती अवश्य वापरावी, कारण त्या स्वरूपात उजेड व अंधार यांचे तपशील अधिक राखले जातात.

दिवे मालवून मेणबत्त्यांच्या उजेडात वंदना होते तेव्हा गणित पुन्हा बदलते. एका मेणबत्तीचा प्रकाश एक मीटर अंतरावर सुमारे एक लक्स आणि एक फूट अंतरावर साधारण दहा-अकरा लक्स असतो. म्हणजे मेणबत्ती छातीशी धरलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर एवढाच उजेड असतो. सुदैवाने त्या वेळी मुले निश्चल असतात. एफ/१.८, १/६० सेकंद आणि ६४०० आयएसओ एवढ्यावर ते छायाचित्र निघते, आणि ज्योतीचा पिवळसर रंग तसाच ठेवला तर ते त्या संध्येशी प्रामाणिक राहते.

वर्ण आणि यंत्र

चेहऱ्याच्या रंगाविषयी थोडे वेगळे लिहिणे आवश्यक आहे, कारण येथे प्रश्न तंत्रापुरता राहत नाही.

रंगीत फिल्मच्या काळात छायाचित्रे छापणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनी एक नमुना-छायाचित्र पुरवत असे. त्यावर एका गोऱ्या स्त्रीचे चित्र असे आणि अशा पहिल्या स्त्रीच्या नावावरून त्या कार्डास 'शर्ली कार्ड' म्हटले जाई. तिची त्वचा योग्य दिसली म्हणजे छपाई योग्य, असा प्रघात पडला. परिणामी सावळ्या व काळ्या वर्णाचे चेहरे त्या प्रमाणात बसत नसत. गोरे आणि काळे विद्यार्थी एका चौकटीत आले की काळ्या मुलांचे केवळ डोळे आणि दात तेवढे दिसत. कॅनडातील अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी हा इतिहास तपशिलाने मांडला आहे. त्यांच्या लेखनातून पुढे आलेली एक गोष्ट विचार करायला लावणारी आहे : गडद छटा नीट उमटत नाहीत ही तक्रार कंपनीच्या कानी परिणामकारकपणे गेली ती चॉकलेट आणि लाकडी सामान यांच्या उत्पादकांकडून, कारण त्यांना आपल्या मालाच्या गडद तपकिरी छटांतील फरक जाहिरातीत दिसायला हवा होता. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेली कार्डे पुढे १९९० च्या दशकात आली.

ती फिल्म आता व्यवहारातून जवळजवळ गेली आहे. तिच्यामागील दृष्टी मात्र अजून पूर्णपणे गेलेली नाही. पुष्कळ मोबाइलमध्ये चेहरा 'सुंदर' करण्याची सोय असते, आणि काहींत ती आपण न सांगताही चालू असते. ती चेहरा गुळगुळीत करते आणि बहुधा उजळही करते. पालकांना माझी आग्रहाची विनंती आहे की, मुलाचे छायाचित्र घेण्यापूर्वी ही सोय बंद करावी. सावळ्या चेहऱ्याचे सौंदर्य त्याच्यावरील प्रकाशाच्या चढउतारांत असते. गालाच्या उंचवट्यावर पडलेला उजेड, कपाळावरील घामाची चकाकी, डोळ्यांखालची छाया. ते सारे पुसून टाकल्यावर उरते ते आपले मूल नव्हे. आपले मूल जसे आहे तसेच छायाचित्रात दिसावे, एवढा तरी मान आपण त्याला दिला पाहिजे.

फ्लॅशचा मोह

अंधार दिसला की फ्लॅश चालू करावा हे स्वाभाविक वाटते. परंतु प्रकाशाचा एक नियम येथे आडवा येतो : अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथ्या हिश्श्यावर येतो. तीन मीटरवर जो फ्लॅश पुरेसा ठरतो, त्याचा बारा मीटरवर केवळ सोळावा भाग पोहोचतो. मोबाइलचा लहानसा दिवा तर दोन-तीन मीटरपलीकडे निरुपयोगीच असतो. दहाव्या रांगेतून मारलेला फ्लॅश मंचावर जातच नाही. तो पुढच्या रांगांतील डोक्यांवर पडतो आणि छायाचित्रात तीच डोकी उजळून येतात.

जवळून मारलेला फ्लॅश चालतो, पण तो मुलाला चालत नाही. पाठ केलेले वाक्य आठवत उभ्या असलेल्या नऊ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांवर अचानक लख्ख उजेड आला की ते अडखळते. शिवाय मंचावरील दिव्यांनी जे वातावरण निर्माण केलेले असते, ते फ्लॅश एका क्षणात सपाट करून टाकतो. म्हणून फ्लॅश बंद ठेवावा. आणि काही कॅमेरे अंधारात नेम धरण्यासाठी जो लाल किंवा हिरवा किरण सोडतात, तोही बंद करावा.

रंगीत दिवे आणि चित्रावरील पट्टे

अलीकडे मंचावर निळ्या, जांभळ्या व लाल एलईडी दिव्यांचा वापर वाढला आहे. ते डोळ्यांना आकर्षक वाटतात, परंतु शुद्ध निळ्या किंवा लाल प्रकाशात चेहऱ्याचे तपशील हरवतात, कारण कॅमेऱ्याच्या तीन रंगांपैकी एकच रंग भरून वाहतो आणि उरलेले दोन जवळजवळ कोरे राहतात. अशा वेळी घाई करू नये. गीताच्या ओघात रंग बदलत असतात. पांढरा किंवा पिवळसर प्रकाश आला की तो क्षण साधावा. सारेच गीत निळ्या प्रकाशात असेल, तर ते छायाचित्र कृष्णधवल करून पाहावे. पुष्कळदा चेहरा त्यातून पुन्हा सापडतो.

कधी छायाचित्रावर आडवे काळसर पट्टे उमटतात. आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा आहे. त्यामुळे साध्या प्रतीचे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही, परंतु वेगवान शटरला कळते, विशेषतः आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर वापरले असेल तेव्हा. पट्टे दिसू लागले तर शटर १/१०० सेकंदावर आणावे, म्हणजे प्रत्येक चित्रात दिव्याचे एक पूर्ण आवर्तन सामावते. या वेगाला नृत्य थोडे हलेल. पण प्रत्येक नृत्यात, प्रत्येक हालचालीच्या टोकाला एक थांबा असतो. वर फेकलेला हात खाली येण्यापूर्वी क्षणभर स्थिर होतो. तो क्षण ओळखणे हेच येथे कौशल्य.

हाती केवळ मोबाइल असेल तर

बहुतेक पालकांच्या हाती मोबाइलच असतो, म्हणून त्याविषयी क्रमाने सांगतो.

प्रथम मागील भिंग स्वच्छ, मऊ कापडाने पुसावे. खिशातील घाम आणि बोटांचा तेलकटपणा यांमुळे मंचावरील प्रत्येक दिव्याभोवती धुके पसरते; निम्म्या वाईट छायाचित्रांचे मूळ एवढ्यातच असावे असे मला वाटते. दुसरे, दोन बोटांनी चित्र ताणून मोठे करू नये. तसे करताना मोबाइल बहुधा चित्र कापून ताणतो, नवा तपशील येत नाही. त्याऐवजी आपण पुढे जावे. मंचाच्या डाव्या-उजव्या बाजूला, कोणाच्या आड न येता, खाली बसण्यास जागा असते. तिसरे, पडद्यावर मुलाच्या चेहऱ्यावर बोट काही क्षण दाबून धरावे, म्हणजे नेम आणि प्रकाश दोन्ही तेथे स्थिरावतात. मग बोट खाली सरकवून उजेड किंचित कमी करावा. अनेक मोबाइलमध्ये हे असेच चालते.

चौथे, रात्रीच्या छायाचित्रणाची खास सोय मंचासाठी वापरू नये. ती सोय एकापाठोपाठ अनेक चित्रे घेऊन त्यांची एकत्र जुळणी करते आणि त्यास वेळ लागतो. इमारत तेवढा वेळ स्थिर राहते, नाचणारे मूल राहत नाही. पाचवे, एका क्षणी एक चित्र घेण्याऐवजी कळ दाबून ठेवून सलग आठ-दहा घ्यावीत आणि नंतर एक निवडावे. सहावे, संपूर्ण कार्यक्रम चित्रफितीत टिपण्याचा हट्ट धरू नये. दोन-तीन मिनिटे टिपावीत आणि मग मोबाइल खाली ठेवून मुलाकडे पाहावे. मंचावरील मूल प्रेक्षकांत आपल्या माणसाचा चेहरा शोधत असते. त्या चेहऱ्यासमोर मोबाइल धरलेला असेल, तर त्याला तो सापडत नाही.

रंगीत तालीम आणि संयोजकांस विनंती

ज्यांना शक्य आहे त्यांनी रंगीत तालमीला यावे. वेशभूषा तीच, दिवे बहुधा तेच, आणि शिक्षकांच्या परवानगीने मंचाजवळ उभे राहता येते. मूल कोणत्या ओळीला वळते, कोठे थांबते हे आदल्या दिवशी पाहिले असेल तर प्रत्यक्ष कार्यक्रमात आपले बोट वेळेवर तयार असते.

शाळेच्या संयोजकांसही दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. मंचासमोर, डाव्या आणि उजव्या बाजूंनी, डोक्यापेक्षा वर आणि साधारण ४५ अंशांच्या कोनात एकेक पांढरा दिवा लावला तर चेहऱ्यांना उजेड मिळतो आणि डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडत नाहीत. केवळ डोक्यावरच्या दिव्यांनी डोळे खाचेत गेल्यासारखे दिसतात. दुसरे, प्रत्येक सादरीकरणाच्या शेवटी मुलांनी दहा सेकंद स्थिर उभे राहावे आणि तेवढा वेळ पांढरा प्रकाश पूर्ण ठेवावा. एवढ्याशा योजनेने ज्यांचे पालक येऊ शकले नाहीत अशा प्रत्येक मुलाचे एक तरी स्पष्ट छायाचित्र निघेल. ज्या मुलांचे कोणीच आलेले नाही त्यांची यादी छायाचित्रकाराकडे आधीच द्यावी. सर्वसाधारणपणे छायाचित्रे काढली जातात ती नायकाची भूमिका करणाऱ्याची. मागच्या रांगेत झाड होऊन उभ्या राहिलेल्या मुलाचीही आई फडावर असते.

छायाचित्र टिकावे म्हणून

व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले छायाचित्र लहान होऊन जाते. मूळ प्रत हवी असेल तर ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी. चार बाय सहा इंचांच्या चांगल्या छपाईसाठी १,२०० बाय १,८०० बिंदू पुरतात. म्हणजे साध्या मोबाइलचे मूळ चित्रही सहज छापता येते. छापून घ्यावेच. मोबाइल हरवतात, बिघडतात, विकले जातात. छापलेल्या प्रतीच्या मागे मुलाचे नाव, इयत्ता, कार्यक्रम आणि साल हलक्या हाताने पेन्सिलीने लिहावे. याखेरीज एक प्रत दुसऱ्या ठिकाणी, नातेवाइकांकडे किंवा शाळेच्या संग्रहात असावी.

एक पथ्य मात्र पाळावे. आपल्या छायाचित्रात इतरांचीही मुले असतात. ती चित्रे त्यांच्या पालकांना अवश्य द्यावीत. परंतु त्यांचे नाव, गाव आणि शाळा यांसह ती सर्वांना दिसतील अशी समाजमाध्यमांवर टाकू नयेत. येथे मुले आईवडिलांपासून दूर राहतात आणि त्यांच्या वतीने हो-नाही म्हणणारे कोणी तेथे हजर नसते, हे आपण सर्वांनी लक्षात ठेवावे.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजोबा-आजींचे लहानपणीचे एकही छायाचित्र नाही. आईवडिलांचे असलेच तर लग्नातले किंवा शाळेच्या दाखल्यासाठी काढलेले. त्या पिढ्यांनीही गाणी म्हटली, नाटुकल्या केल्या, भाषणे केली; त्यांचे चेहरे मात्र कोणी टिपून ठेवले नाहीत. आज ते साधन जवळजवळ प्रत्येक घरात आले आहे. ते नीट वापरण्यासाठी लागते ती थोडीशी माहिती आणि थोडासा धीर.

त्या मुलीचे ते छायाचित्र मला पुन्हा काढता आले नाही. तो प्रयोग पुन्हा झाला नाही, आणि पुढल्या वर्षी ती एक हात उंच झाली होती. तिच्या वडिलांना मी त्या दिवशी एवढेच सांगू शकलो की, चूक माझी होती, तिची नव्हती; ती फार सुंदर बोलली होती. त्यांनी छायाचित्र पुन्हा पिशवीत घालून खिशात ठेवले.

यंदाच्या स्नेहसंमेलनास येताना मोबाइलचे भिंग पुसून यावे, आणि शेजारच्या खुर्चीवर कोणी नसलेल्या मुलाचेही एक छायाचित्र घ्यावे, ही सर्वांना विनंती.